बेवारस जागा

सोमवार, ३ जून
पंचेचाळिशीत पुन्हा नोकरीचा पहिला दिवस! टेबल खिडकीजवळ, चहा गरम. साहेब जेमतेम तिशीचे. मला ‘काका’ म्हणून मोकळे झाले. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवायचं आणि ते कसं शोधायचं याचे नियम, मी तपासायचे. इथली रीत अशी, की एकेक कलम मोठ्यानं वाचतात. हरकत आली नाही तर ते मंजूर.

गुरुवार, ६ जून
सातवं कलम: माहितीच्या ज्या तुकड्याकडे कुठूनच खूण, म्हणजे त्याचा पत्ता सांगणारी नोंद, जात नाही तो बेवारस, त्याची जागा ताबडतोब मोकळी करावी. मला विचारायचं होतं, खूण लिहिताना मध्येच वीज गेली तर? जिवंत माहिती पुसली जाईल. पण सगळ्यांना घरी जायची घाई. काकांचा डोळा लागला वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. मीही हसलो. मंजूर झालं. वाटेत स्वतःचीच लाज वाटत राहिली.

मंगळवार, ११ जून
चाचण्या सुरू झाल्या. कोपऱ्यात बसणाऱ्या बाई दिसल्या नाहीत. त्यांचं टेबलही नाही. साहेब म्हणाले, तिथे कधी कुणी बसतच नव्हतं. त्या बाईंशी कुणी बोलत नसे. मीसुद्धा नाव विचारलं नव्हतं.

शुक्रवार, १४ जून
बाबा जेवले का, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही वाढलंत. आठवडाभर मी त्यांच्या मागच्या खोलीत डोकावलो नव्हतो. बाबा होते. पण खोलीचं दार अरुंद झालंय. अंग तिरकं करून आत शिरलो.

शनिवार
साहेबांना फोन केला. सातवं कलम काढा, माणसं पुसली जाताहेत. ते म्हणाले, तेव्हा मूग गिळून बसला होतात ना? आता मंजूर ते मंजूर.

रविवार
बाबांचा हात धरून बसलोय. ते म्हणतात, कामाला लाग रे, मी काय कुठे पळतोय? भिंत पलंगाला टेकली — बायको दारातून विचारते, एकटेच काय बसलात —

सोमवार
डोळा लागला. क्षणभरच — तळहात अजून गरम आहे. कुणाचा तरी हात — भिंतीकडे तोंड करून मी का — बायको म्हणते, इथे खोली नव्हतीच — खूप लाज वाटतेय. कशाची, ते