चित्र कुणाचं

धाराशिव,
ता. १४ मार्च १९५९

प्रिय वीरप्पास,

गोपाळअण्णाचा सप्रेम नमस्कार. इकडं सगळं ठीक. शामलेचा खोकला थोडा उतरलाय, पण माझ्यावर ओरडण्याइतका आवाज अजून फुटत नाही, तेवढीच मला विश्रांती. नीला मॅट्रिकला बसतेय. ऊन आतापासूनच डोक्यात शिरतंय. तिकडं आळंदला पाण्याचं कसं आहे? सासुरवाडीला राहणं तुझ्या स्वभावाला जड जात असणार. नागम्मावहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

एक बातमी द्यायची आहे. ‘चिमटा’ बंद केला. फेब्रुवारीचा अंक शेवटचा. एके काळी नऊशे प्रती जात होत्या, हा साठ काढला आणि चाळीस कोनाड्यात पडून आहेत. स्टँडसमोरचा बलभीम हॉटेलवाला मला म्हणाला, "अण्णा, तुमचा चिमटा आता चिमटत न्हाय, पाय चेपतो. गिऱ्हाईक त्यात भजी बांधून नेतंय." मी हसलो. भांडायला तोंड कुठं होतं?

तुझं पत्र सोमवारी मिळालं. बडतर्फीच्या हुकुमावर अपील करतो आहेस, तीस दिवसांची मुदत आहे, आणि कलेक्टरसाहेबांकडं जाऊन माझ्यासाठी एक शब्द टाका, म्हणून तू लिहिलंस. त्याचं उत्तर देतोच आहे. आधी थोडं दुसरं लिहू दे.

परवा छापखाना आवरताना तुझ्या महालिंगप्पामामांचे जर्मन अंक हाताला लागले. तो माणूस निजामाचा वजिफा घेऊन कापड रंगवायचं शास्त्र शिकायला म्युनिकला गेला आणि येताना तिथल्या एका चेष्टेच्या साप्ताहिकाचे पेटीभर अंक घेऊन आला. साखळी तोडलेला लाल कुत्रा हे त्यांचं निशाण. पन्नास साली मामांच्या ओसरीवर तू आणि मी ती चित्रं पाहत बसायचो. एक अक्षर कळत नव्हतं, तरी पोट धरून हसायचो. मामा सांगायचे, बादशहाची टिंगल केली म्हणून त्यांचा चित्रकार तुरुंगात गेला, आणि खप उलट वाढला. मग पहिली लढाई आली नि कुत्रा सरकारच्या बाजूनं भुंकायला लागला. पुढं हिटलरचे पुंड कचेरीत शिरले. तो तुरुंगात गेलेला चित्रकार ज्यू होता, त्याला देश सोडून पळावं लागलं. मागं राहिलेल्या सोबत्यांनी एका कागदावर सह्या केल्या, की दोष त्याचा, आमचा नाही. अंक पुढं अकरा वर्षं चालला. मामा म्हणायचे, "निघत व्हता, पर कुणी हसत नव्हतं."

मी तेव्हा म्हणालो होतो, असली माणसं आपल्याकडं नसतात. मामा पान लावत बसले.

त्याच दिवाळीला आपण ‘चिमटा’ काढला. उर्दू नोटिसा छापणारा तो जुना शिळाछापखाना मी घेतला, आणि तू दर रविवारी मागच्या दारानं यायचास. दगडावर उलटं चित्र काढायचास, तेही गप्पा मारत. सरकारी शाळेचा ड्रॉइंग मास्तर, म्हणून चित्राखाली सही नाही. छपाई झाली की वाळू-पाण्यानं दगड घासून कोरा करायचा. चित्र कुणाचं, हे दोघांनाच ठाऊक. सात-साडेसात वर्षं हा नेम आपण पाळला. भूमच्या बाजारापासून तुळजापूरच्या पुजाऱ्यांपर्यंत लोक तर्क करायचे. आपण पुण्याहून चित्रकार आणतो, अशीही एक कंडी होती. ती ऐकून तू फुगायचास, खोटं बोलू नकोस.

मागल्या मे महिन्यातलं ते चित्र. भूमला मी डोळ्यांनी पाहिलं होतं. विहिरी आटलेल्या, बायका डबे घेऊन उन्हात बसलेल्या, आणि उपमंत्र्यांच्या मोटारीपुढं धूळ उडू नये म्हणून रस्त्यावर पखालींनी पाणी मारत होते. परत येऊन मी तुला सांगितलं, ओल्या रस्त्याचा चिखल पदरातून घागरीत पिळणारी बाई काढ. खालची ओळही माझी: ‘साहेब, रोज येत चला, रस्ता तरी ओला राहतो.’ तू खडू खाली ठेवलास. म्हणालास, "अण्णा, हे लई तिखट व्हईल. मी नोकरीतला माणूस." मी म्हणालो, नाव माझं आहे, छाती माझी आहे, तू काढ.

बाई तू अशी काढलीस की मला हसूच आलं नाही.

दोन दिवसांत अंक संपला. तू म्हणालास, दगड घासू या. मी म्हणालो, थांब, आणखी पाचशे काढू. इतकी वाहवा आयुष्यात मिळाली नव्हती, वीरप्पा, मला त्याची चटक लागली. त्या पाचशेतलाच एक अंक वर पोचला.

मला कलेक्टर कचेरीत बोलावलं. तीन तास बाकावर बसवलं, मग आत घेऊन सांगितलं, अंक काढायचं डिक्लेरेशन रद्द करतो, छापखान्याला कुलूप लावतो. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. उलट चहा दिला. विचारलं, चित्र कुणाचं?

शाळेतल्या कुणीतरी तुझं नाव फोडलं, असं तू धरून बसलास. मी तसंच धरू दिलं. तुझ्या घरी येऊन त्या फोडणाऱ्याला शिव्यासुद्धा घातल्या, वहिनींनी वाढलेली भाकरी खात. नाव मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, लिहून दिलं: सदर चित्र माझ्या गैरहजेरीत ड्रॉइंग मास्तर वीरप्पा यांनी परस्पर छापवून घेतले. त्याखाली सही केली. सही करताना मला मामांची आठवण झाली नाही. चहा गार होतोय, एवढंच मनात आलं.

छापखाना वाचला. ‘चिमटा’ मात्र वाचला नाही. तुझ्यामागं चित्र काढायला कुणी मिळेना. दिवाळी अंकावर मी त्याच उपमंत्र्यांचा हार घातलेला फोटो छापला. बाकी बलभीमनं सांगितलंच.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. मी गेलो होतो. मंगळवारी धुतलेलं धोतर नेसून गेलो. सगळं खरं सांगायचं ठरवून गेलो होतो, तेवढ्यावर तरी विश्वास ठेव. साहेबांनी फाईल उघडली. माझ्या कागदाला टाचून तुझा कागद होता. तू लिहिलं होतंस, कल्पना माझी, चित्र माझं, संपादकांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना त्रास होऊ नये. साहेब म्हणाले, "त्यांना तुमचा जबाब दाखवलाही नव्हता, तरी दोन्ही तंतोतंत जुळतात. बोला, आपण का आलात?"

वीरप्पा, मला सुटल्यासारखं वाटलं. तुझा कागद वाचून आधी रडू यायला हवं होतं, ते नंतर आलं. आधी सुटका वाटली. मी म्हणालो, शाळांच्या प्रगतिपुस्तकांचं छपाईचं काम मिळेल का, ते विचारायला आलो होतो.

मिळालं. दोन हजार प्रती. शामलेनं शेजारी साखर वाटली. मी तिला थांबवलं नाही.

चार दिवस हे पत्र लिहितोय. साहेबांसमोर पुन्हा उभं राहण्याचा धीर माझ्यात नाही, आणि येणारही नाही. म्हणून सगळं इथं लिहून तुझ्या हातात देतो. अपिलाला जोड. मुदतीचे एकोणीस दिवस राहिलेत. मला बोलावलं तर हे माझंच म्हणून कबूल करीन. करीन असं आज वाटतं.

आणि तू ते जोडणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. पोटात घालशील, वहिनींनाही वाचून दाखवणार नाहीस. तुझा स्वभाव ठाऊक आहे म्हणूनच मला हे लिहायचं धाडस झालं की काय, ते माझं मला सांगता येत नाही. तसं असेल तर हे पत्रही माझ्या त्या कागदासारखंच. म्हणून पाया पडून सांगतो, या एका वेळी माझी कीव करू नकोस. जोड.

पत्राखाली नुसतं ‘अण्णा’ लिहून चालणार नाही, म्हणून पुरी सही करतो.

गोपाळकृष्ण नारायण तेरकर
संपादक व मुद्रक, ‘चिमटा’
सदर चित्राची कल्पना व त्याखालची ओळ माझी.