डावी बाजू वर

प्रिय मिओरि,

तुझे फोन वाजत राहिले, मी उचलले नाहीत. फोनवर मी रडले असते आणि तू सगळं टाकून क्योतोहून बेप्पूला धावत आली असतीस. नाटक संपल्यावर तुला न भेटताच मी गाडी गाठली, म्हणून तू निरोप ठेवलास, "आई, घरातलं दुःख मी चव्हाट्यावर मांडलं, रागावलीस का गं?" वेडे, नीट वाच.

पोस्टरवर 'नेपथ्य आणि वेशभूषा' याखाली तुझं नाव दिसलं आणि नाट्यगृहात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, "ही माझी मुलगी." तिने विचारलंही नव्हतं! फिरत्या नाटकमंडळीत मी जन्मभर नटांना किमोनो नेसवले, माझं नाव कधी कागदावर आलं नाही आणि त्याचं काही वाटलंही नाही. तुझं पाहून मात्र ऊर भरून आला. एक पोस्टर मागून आणलं, ते आपल्या टोफूवालीने दुकानात लावलंय. म्हणते, "सातोएबाई, आता तुमच्याकडे बाही उसवली म्हणून आलं तर रांग लावायची का?"

पडदा उघडला. निळ्या कापडांच्या भिंतींचं तुझं ते कोळ्याचं घर इतकं खरं होतं, की मला मासळीचा वास आला. समुद्रावरून परतलेला बाप जेवायला बसला. त्याच्या किमोनोची उजवी बाजू वर! जिवंत माणसाची डावी वर, उजवी फक्त प्रेताची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शेजारीण पुटपुटली, "अगंबाई, नेसवणारी झोपली होती काय?" आणि मी तर मघाशी तोऱ्यात सांगून बसलेली. आत धावत जाऊन ते नीट करायला माझे हात शिवशिवत होते.

मग बायकोने त्याच्यापुढे भाताचा वाडगा ठेवला आणि भातात जेवायच्या काड्या उभ्या रोवल्या, मेलेल्यासाठी रोवतात तशा. बाप समुद्रातून परतलाच नव्हता, हे सगळ्यांना एकदम कळलं. शेजारणीने माझा हात घट्ट धरला. त्याची लेक पुढे झाली, तिने कमरपट्टा सोडला आणि डावी बाजू वर घेतली.

तुझे बाबा गेले तेव्हा तूही हेच केलं होतंस. मी त्यांना रीतीप्रमाणे पांढरा किमोनो नेसवला होता, तू तो इवल्या हातांनी सोडलास. गेन्पेईकाका ओरडले, "कार्टे, मेलेल्याला कुणी असं नेसवतं का?" त्यांनी घडी पुन्हा उलटी घातली आणि तू कपाटात जाऊन बसलीस, ती बाबांना नेईपर्यंत बाहेर आली नाहीस.

म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. शवपेटीचं झाकण लावण्याआधी, मला एकटीला निरोप घेऊ द्या, असं सांगून मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि तू घेतली होतीस तशीच डावी बाजू वर घेतली. वरून फुलं पसरली. काकांना अजून पत्ता नाही. पोरी, तुझं पहिलं काम कुणी मोडलं नाही. बाबा तू घातलेल्या घडीतच गेले.

आता फोन कर, उचलते.

तुझीच,
आई