अर्ध्यावर अडलेला काटा

दादा,

गेल्या महिन्यात मी तुमच्यावर जेवढी चिडले, तेवढी तुम्ही हयात असतानाही कधी चिडले नव्हते. झालं असं, की अवकाळीच्या विजेत आमचं झटका मशीन जळालं. तुमच्या वेळी हे मशीन नव्हतं, म्हणून सांगते. शेताभोवती बारीक तार ओढायची. मशीन बॅटरीवर चालतं, आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा मोठा दाब साठवतं आणि थांबून थांबून तो तारेत सोडतं. रानडुक्कर तारेला शिवलं की किंचाळत पळतं, पण मरत नाही. माणूसही मरत नाही, चार शिव्या देऊन पुढं जातो. श्रीरामपूरच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, माल संपलाय, येईल तेव्हा येईल. इकडं बेलापुरात आमच्या शेजारचा ऊस तुटायला लागला, तशी त्यात दडलेली डुकरं आमच्या मक्यात शिरली. कणसं खाल्ली ती खाल्लीच, त्याहून जास्त लोळून आडवी केली.

तुमचे जावई दोन रात्री मक्यात डबा वाजवत जागले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "पल्याडच्या शेजाऱ्यानं तारंत मोटारीची डायरेक्ट लाईन सोडलीय. एक डुक्कर फिरकत न्हाई. आपन बी सोडू, मशीन येईस्तोवर."

"आपल्या बांधाला ऊसतोडीची टोळी उतरलीय," मी म्हणाले. "बायका अंधारात तिथूनच जातात. शिवल्या तर चिकटूनच मरतील."

"सांगू की त्यांला."

"आणि लेकरांना कोण सांगणार?"

ते ताटावरून उठले. माणूस वाईट नाही, दादा. पण आडवा झालेला मका बघून आलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. लाईन सोडताच येऊ नये म्हणून मी त्याच दुपारी मोटारीच्या पेटीतले फ्यूज काढून आणले आणि पिठाच्या डब्यात टाकले. "मशीन मी करते," म्हणाले. ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

तुमची पत्र्याची पेटी माझ्याकडे आहे. भावाला नको होती. तुमचं कोपरगावचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान रिकामं केलं तेव्हा तो भंगारवाल्याला देऊन टाकत होता, मी उचलून आणली. त्यात जुन्या टीव्हींचे कपॅसिटर होते, दाब मोजायचा तुमचा काट्याचा मीटर होता. डास मारायच्या दोन मोडक्या बॅटी घरात पडल्या होत्या, त्यांतून दाब वाढवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर निघाला. जळक्या मशीनचा तारेकडचा भाग शाबूत होता, गेला होता तो कपॅसिटर आणि तो भरणारा भाग. म्हटलं, एवढंच तर करायचंय. स्वयंपाकघरातला ओटा पुसला, पाट ठेवला आणि बसले. बॅटरी जोडली की काटा झपकन उठायचा, अर्ध्यावर यायचा आणि तिथंच बसायचा. वर जाईना. ट्रान्झिस्टर तव्यासारखा तापायचा. डायोड बदलले. काटा अर्ध्यावर. दुसऱ्या बॅटीतला ट्रान्सफॉर्मर लावला. अर्ध्यावर. ट्रान्झिस्टर जळला, रेडिओतला काढून लावला, तोही जळला. घरभर तो वास. वरण करपलं. जावई दारातून डोकावून जायचे, विचारायचे नाहीत, आणि त्या न विचारण्याचाच मला जास्त संताप यायचा.

आणि मग तुमचा. कारण अशा वेळी काय करायचं ते तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते मला सांगितलं नाही. दुकानात लाईट गेली की तुम्ही टीव्ही घरी आणायचात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पालथा घालायचात. टॉर्च मी धरायची. भावाला तुम्ही शेजारी बसवायचात, "हे बघ, हितनं चढतं, हितं साठतं," असं त्याला सांगायचात, आणि तो बाहेरच्या क्रिकेटकडं कान लावून बसलेला. एकदा मी विचारलं, "साठलेलं किती वेळ राहतं?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "टॉर्च सरळ धर." एवढंच. मी दहावीला होते. त्या वर्षी विज्ञानात शाळेत पहिली आले तेव्हा तुम्ही मला घड्याळ आणलंत, सोनेरी पट्ट्याचं, बायकांचं. मला तुमचा मीटर हवा होता. मी मागितला नाही, हे खरं. पण मागायचं कुठं होतं? घरात ते मागण्याची जागाच नव्हती.

त्या रागात एक दिवस हात कपॅसिटरला लागला. बॅटरी काढली होती, म्हणून निर्धास्त होते, आणि तो अजून भरलेला होता. कोपरापर्यंत हात फेकला गेला, पाट उडाला, पेटी पालथी झाली. जावई धावत आले. "मरायचंय का तुला?" ते ओरडले. मी पण ओरडले, "मग टोळीतल्या बायकांनी मरायचं का?" ते तिथंच खाली बसले. पालथी झालेली पेटी सरळ केली, एकेक भाग गोळा करायला लागले. मग ते म्हणाले, "फ्यूज पिठात हायेत, ते मला म्हाईत हाय. म्या काढले न्हाईत."

भावाला फोन केला. त्याला तुम्ही शिकवलं होतं ना. "मला काय आठवतंय?" तो म्हणाला. "नवीन विकत घे की. असली जुनी मढी कशाला उकरतेस?" त्याने सहज म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मी त्या कपॅसिटरकडे बघत बसले. जुनी मढी. तुमच्यानंतर एकदाही वापरात न आलेले.

आणि आई डोळ्यांपुढं आली. फळीवर तुम्ही एक कपॅसिटर बल्बबरोबर लावून दिवसभर ठेवलेला आहे, अगदी थोड्या दाबावर. आई विचारते आहे, "हे काय शिजत घातलंय?" तुम्ही म्हणता आहात, "लई दिवस पडून हुता. एकदम भरला तर गळतो. हळूहळू उठवावा लागतो." तुम्ही ते आईला सांगत होता, तिला त्यातलं काही नको होतं. मी कोथिंबीर निवडत होते. मी ऐकलं.

माझे कपॅसिटर गळत होते. जेवढं भरायचं तेवढं आतल्या आत सांडत होतं, म्हणून काटा चढत नव्हता, म्हणून ट्रान्झिस्टर जळत होते. मी ते थोड्या दाबावर ठेवले, रोज जरासा वाढवत नेला. एक तर फुगलाच, तो फेकला. उरलेले लावले. काटा अर्ध्यावर आला, थबकला आणि पुढं गेला. मशीनमधून टिक असा आवाज आला, मग परत टिक. मला आनंद झाला म्हणू? नाही झाला. एवढ्याशा गोष्टीसाठी माझे किती दिवस गेले, याचंच रडू आलं.

तुमचं जमलं असतं तसं माझं जमलेलं नाही. झटका कंपनीच्या मशीनपेक्षा हलका बसतो. नदीच्या बाजूने डुकरं अजून घुसतात, तिकडचा मका गेलाच. पण आमच्या तारेत डायरेक्ट लाईन गेली नाही. टोळी मुक्काम हलवून पुढच्या गावाला गेली, आली तेवढी सगळी धडधाकट गेली.

हे लिहून कुठं पाठवायचं, तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. एक सांगायचं राहिलं. तो लाईनवाला शेजारी मशीन बघायला आला होता. "कुनी शिकवलं वहिनी?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "वडलांनी." जावयांनीही मान डोलावली, आता ते गावभर तेच सांगतात. खोटं आहे, दादा. पण ते कुणी बोललं की मी दुरुस्त करत नाही, उलट परत एकदा ऐकावंसं वाटतं.