रहस्यसंगीत आणि साळूकाकी

रविवार, ३ ऑगस्ट. सकाळ
निर्णय पक्का. यंदा गणपतीत वाडीसमोर माझा कार्यक्रम : ‘जुन्या डिटेक्टिव्ह मालिकांचं पार्श्वसंगीत, एक रसग्रहण’. वाडीच्या मुंबई मंडळाच्या रितेशला फोन केला. म्हणाला, किशोरकाका, पब्लिक उठून जाईल, त्यापेक्षा रेकॉर्ड डान्स ठेवू. बरीच घासाघीस झाली. शेवटी अर्धा तास दिला, तोही उपकार केल्यासारखा. ठीक आहे. अर्ध्या तासात वाडीचा कान बदलून दाखवतो.

संध्याकाळ
वाडीत एकच खरी रसिक. शेजारची साळूकाकी. दर रविवारी माझी जुनी कॅसेट ऐकायला येते. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण काय कान! खुनी जिना चढतो, तबला थांबतो, बासरी सुरू होते, तिथे बरोबर डोळे मिटते. मग म्हणते, किशोर, तेवढं मागं घे रे. आज तेवढंच परत परत ऐकलं. बायको म्हणाली, तिला बासरी नाय ऐकायची. मी विचारलं, मग काय? म्हणाली, तुम्हीच डिटेक्टिव्ह, शोधा की.
संगीत न कळणाऱ्यांशी वाद घालायचा नाही. (जुनाच संकल्प.)

बुधवार, ६ ऑगस्ट
अडचण : कॅसेटमधला गोंगाट. तेव्हा वाडीत टीव्ही एकच, आमच्या पडवीत. मालिका लागली की सगळी वाडी हजर. मी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला लावून धरायचो आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगायचो. कोण गप्प बसतंय! खोकले, पोरांची रडारड, आणि ऐन बासरीवर साळूकाकीचे यजमान, महादूकाका : साळू, पुढं ये गो, हितं जागा हाय. काका जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझी बासरी अजून नासवतात.

गुरुवार, ७ ऑगस्ट
एसटीने महाडला. हर्षदचा स्टुडिओ, म्हणजे लग्नांचे व्हिडिओ आणि डीजे मिक्सिंग. म्हणाला, माणसांचे आवाज सॉफ्टवेअरने काढता येतात, म्युझिक तेवढं राहील. स्वच्छ केलेलं त्याच कॅसेटवर परत भर म्हणून सांगितलं. म्हणाला, काका, आधीचं पुसलं जाईल, एक कॉपी ठेवू का? मी म्हटलं, कचरा जपून ठेवतात का?
घरी येताना उगाच धाकधूक. टेप अडकली, तुटली तर? वरंधला उतरेपर्यंत खिडकीबाहेर लक्षच नव्हतं.

रविवार, १० ऑगस्ट
कॅसेट अजून महाडलाच. साळूकाकी आली. टेपरेकॉर्डर बिघडलाय म्हणून थाप मारली. तिचा चेहरा पडला. विचारलं, पण टेप हाय ना? जपून ठेवलीस ना? म्हटलं, सोन्यासारखी. किती ही ओढ कलेची!

शुक्रवार, १५ ऑगस्ट
कॅसेट आली! खोकला नाही, रडणं नाही, काका नाहीत. नुसती बासरी. अंगावर काटा आला.
ठरवलं : साळूकाकीला आधी ऐकवायचं नाही, तोवर टेपरेकॉर्डर बिघडलेलाच. सरप्राईज. कार्यक्रमात पहिली खुर्ची तिची. बायकोला सांगितलं तर ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आवाज काढलेत? सगळे? मग दिवसभर बोलली नाही. मत्सर.

शनिवार, ३० ऑगस्ट. दुपार
जेवण गेलं नाही. साळूकाकी ठेवणीतलं लुगडं नेसून आत्तापासूनच मांडवात जाऊन बसलीय.

त्याच दिवशी, नंतर
बरीच माणसं थांबली होती. मी बोललो, छान बोललो. मग कॅसेट लावली. खुनी जिना चढला. तबला थांबला. साळूकाकी पुढे झुकली. बासरी आली आणि गेली.
म्हणाली, किशोर, मागं घे रे, निसटलं माझं. मागं घेतलं. परत म्हणाली, मागं घे. मग उठली आणि स्पीकरला कान लावून उभी राहिली. हळूच तिने विचारलं, ते कुठं हायत?
मी विचारणार होतो, कोण. नाही विचारलं. बायको मान खाली घालून बसली होती.
तेव्हा कळलं. रितेशने नाचाची गाणी लावली, ते बरं झालं.

सोमवार, १ सप्टेंबर
हर्षदला फोन. शोधतो म्हणाला. फोन येईपर्यंत अंगणात येरझाऱ्या. फाईल नाही. म्हणाला, काका, तुम्हीच नको म्हणालात.

मंगळवार, २ सप्टेंबर
साळूकाकीकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, दारात विसरलो. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चहा ठेवला. म्हणाली, त्यांचा फोटू पण नाय रे माझ्याकडं. टेपमधी तेवढंच होतं.
मग म्हणाली, तुझा कान मोठा. तू लय येळा ऐकलंयस. ते कसं बोलायचे, तेवढं बोलून दाखव.
शब्द पाठ होते. आवाज जाड होता की बारीक, शेवटचं ‘हाय’ ते कसं ओढायचे, काही आठवेना. बासरी कुठल्या सुरावर सुरू होते ते मला झोपेतसुद्धा सांगता येईल. तरी म्हटलं, साळू, पुढं ये गो, हितं जागा हाय.
तिने डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, नाय रे किशोर. असं नव्हतं.