ब्लडप्रेशरवाल्यांचं मीठ

शनिवार, दुपार

ठमे, आशीर्वाद.

फोन उचलायला तुझे हात झडलेत का? वाजून वाजून बंद पडतो. म्हणून लिहायला बसले. अक्षर लागत नसेल तर फोन उचल, सोपं आहे.

इकडे ठीक. इस्त्रीच्या दुकानात परत जायला लागले. मालकीण म्हणाली, अजून आराम करा. घरात बसून भिंतींना काय शिकवू? बाबांचे शर्ट शेजारच्या म्हाताऱ्याला दिले. ढगळ होतात, तरी मिरवतो मेला.

तुझ्या खोलीतली मैत्रीण सगळं सांगते. प्रयोगशाळेत पाऊल टाकत नाहीस, जेवत नाहीस, भिंतीकडे तोंड करून पडतेस. वर म्हणतेस, मीच मारलं बाबांना.

मग ऐक.

मीठ तू पाठवलंस, ब्लडप्रेशरला चांगलं म्हणून. भाजीत घातलं मी. मिटक्या मारत खाल्लं त्यांनी. डॉक्टर म्हणाले, त्या मिठातलं पोटॅशियम रक्तात साठलं, हृदय थांबलं. किडन्या धड असत्या तर लघवीवाटे निघून गेलं असतं. किडन्या गेल्यात हे तुला माहीत होतं? नव्हतं. "पोरीची परीक्षा आहे, बोललीस तर बघ," असं त्यांनीच मला दटावलं होतं. आणि जन्मात कुणाचं न ऐकणारी मी, नेमकं तेवढं ऐकलं.

आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू भिंगाच्या यंत्रातून पान दाखवलंस. दोन ओठांसारख्या पेशी. उजेड पडला की पोटॅशियम आत ओढतात, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगतात, तोंड उघडतं. पाण्याची टंचाई झाली की तेच बाहेर सोडतात, तोंड मिटतं. बाबा म्हणाले, "बायकोपेक्षा पान बरं, मिटतं तरी!" किती हसलीस तू.

पानाला ते बाहेर टाकता येतं. त्यांना येत नव्हतं. एवढंच झालं गं. यात तू केलेला खून कुठे बसतो?

ते मीठ मी फेकलेलं नाही. रोज तेच खाते. विष असतं तर हे पत्र कोणी लिहिलं असतं?

एक माणूस गेलं. दुसरं घालवायची माझी तयारी नाही. गुरुवारपर्यंत उत्तर हवं. लांबण नको. 'जेवले' एवढंच लिही, पण जेवून लिही.

तुझी आई,
अजून आहे.