भिंतीवरची पारू

खालापूर,
९ जानेवारी २०२५

ती. स्व. मधूकाका यांस,
सुनीतीचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ओरडायचं त्राण मला उरलेलं नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही काढून दिलेली डिस्लेक्सियाची पोस्टरं लागली. कुंभिवली, साजगाव, सगळ्या शाळा, एसटीचे थांबे. तालुक्याच्या या भागात विशेष शिक्षिका मी एकटीच, म्हणून खळ लावणारीही मीच. ‘मी मठ्ठ नाही. मला वाचायला वेळ लागतो’ ही ओळ लोक थांबून वाचतात. माझ्या पाचवीतल्या पारूचा चेहरा तर हुबेहूब उतरलाय. माझ्या वर्गात आला होतात, त्या दिवशी मागच्या बाकावर बसून वहीत काय रेघोट्या मारत होतात, ते आत्ता कळलं.

काकूंना नमस्कार. माया आहे तशी राहू द्या.

आपली,
सुनीती

कर्जत,
१६ जानेवारी

चि. सुनीतीस,
अ. उ. आ.

काकू विचारते, वेळेवर जेवतेस का. खरं उत्तर लिही.

एक गोष्ट मनाला टोचतेय. पारूच्या आईला चित्र दाखवलंस ना? मला वाटलं, तू विचारलं असशील. आता वाटतं, तुला वाटलं असेल मी विचारलं. समोरच्या माणसाला विचारल्याशिवाय त्याचं चित्र चारचौघांत लावू नये, असं मीच पोरांना शिकवत आलो.

उत्तराला उशीर नको.

तुझा,
मधूकाका

खालापूर,
२८ जानेवारी

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

नाही दाखवलं.

पारू आठ दिवस शाळेत नाही. कुंभिवलीच्या थांब्यावर पोरांनी तिला पोस्टरखाली उभं केलं आणि ‘मठ्ठ पारू’ म्हणत पोरं भोवती नाचली. पुढचं ‘नाही’ कुणी वाचलंच नाही.

मी वाडीवर गेले. तिची आई गोदा नुकतीच मोळी उतरवून बसली होती. आधी पाणी दिलं, मग म्हणाली, “बाई, माज्या पोरीला वाचता येत नाय ह्ये तिला नि तुमाला माहीत व्हतं. आता रस्त्याला झालं.” सगळी पोस्टरं काढते म्हटलं, तर म्हणाली, “भिंतीवरनं काढाल. पोरांच्या तोंडातनं कसं काढाल?”

तीन दिवस बादली आणि उलथनं घेऊन फिरतेय. साजगावला एका भिंतीवर अर्धा चेहरा निघेचना, तो नखांनी खरवडला. काका, फार दमलेय. नोकरी सोडावीशी वाटते.

आपली,
सुनीती

कर्जत,
४ फेब्रुवारी

चि. सुनीतीस,
अ. उ. आ.

नोकरी परीक्षा झाल्यावर सोड. चूक तुझ्याइतकीच माझी.

सोबत नवं चित्र आहे. टक्कल, कानातलं मशीन, काही लपवलेलं नाही. खाली लिहिलंय, ‘मी चित्रकलेचा शिक्षक. सातवीपर्यंत मला धड वाचता येत नव्हतं.’ हे खरं आहे. तुझे वडील मला धडे वाचून दाखवत, मी पाठ करून म्हणत असे. ते गेल्यावर जाणणारं कुणी उरलं नाही. तुझ्या काकूला काल सांगितलं. ती म्हणाली, बेचाळीस वर्षं पेपर मलाच का वाचायला लावलात, ते आज कळलं. तुझी पत्रंसुद्धा ओळीखाली पट्टी धरून वाचतो.

या खेपेला चेहऱ्याच्या मालकाला विचारलंय. तरी आधी गोदाबाईंना दाखव. त्या नको म्हणाल्या तर फाडून टाक.

तुझा,
मधूकाका

खालापूर,
१० मार्च

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

गोदानं चित्र बराच वेळ पाहिलं. खालची ओळ मी वाचून दाखवली, तुम्ही पट्टी धरून वाचता तेही सांगितलं. “येवढं म्हातारं माणूस, आजून पट्टी धरतंय?” मी हो म्हटलं. “लावा मग.” एवढंच.

कुंभिवलीत कुणीतरी तुम्हाला मिशा काढल्यात. रागावू नका. त्याच पोस्टरवरून दोन आया आपापली मुलं घेऊन माझ्याकडे आल्या.

पारू मात्र येत नव्हती. दर शनिवारी वाडीवर जायचे, ती घरामागं लपायची. तिसऱ्या खेपेला तिच्या पाठीलाच सांगितलं, की चूक माझी होती, तुला विचारायला हवं होतं. ती वळली नाही.

गेल्या सोमवारी आली. गुरुवारी आपणहून पुस्तक घेऊन उभी राहिली. दुसऱ्या ओळीला एक पोर फिसकन हसलं. पारू थांबली, त्याच्याकडे नीट बघितलं, आणि जिथं थांबली होती तिथून पुढं वाचत गेली. चार ओळींना अख्खा तास गेला. मी तो जाऊ दिला.

परीक्षा झाल्या की कर्जतला येते. फक्त झोपायला येणार, असं काकूंना सांगा. लोभ उणा होऊ देऊ नका.

आपली,
सुनीती