झेंडूची माळ मागच्या बाजूला

प्रिय हुसेन,

काल आपली गाडी शर्यतीत पळाली. दिवसभर पळाली! हे तुला सांगितल्याशिवाय हात कुठल्याच कामाला लागेना, म्हणून आज गॅरेज बंद ठेवून लिहायला बसलोय. तू उन्हाळ्यात तापानं गेलास आणि गावात एकच बोलणं सुरू झालं, हुसेनची गाडी आता भंगारात जाणार. मला ती तोंडं बंद करायची होती.

आठवतं? लष्कराच्या लिलावातली मोडकी जीप आपण ओढत आणली, तेव्हा माझे तात्या कपाळाला हात लावून बसले होते. तरी तिच्या इंजिनावर आपण बांधलेल्या नव्या गाडीचा लाकडी सांगाडा त्यांनीच केला. तात्या बैलगाड्या करणारे सुतार, त्यांचं काम दणकट. आणि तू म्हणायचास, अजून हलकं करा. शेवटी वैतागून म्हणाले, "आरं, गाडी हाय का पाळणा?" तू हसलास आणि रंधा पुन्हा त्यांच्या हातात दिलास. काय चिवट होतास रे!

आणि इमामपूरच्या घाटातल्या त्या चाचण्या! तुझे वडील घोडेगावच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. बैल पळताना नाही, पळून थांबल्यावर पारखायचा, हे तू त्यांच्याकडून उचललंस. मी घड्याळ बघायचो आणि तू घाटमाथ्यावर गाडी थांबवून बॉनेटवर हात ठेवायचास. "शंकऱ्या, धाप लागायच्या आत थांबायचं. पानी पाजायचं. मग हानायची." मला ते खूळ वाटायचं.

शर्यत लढाईच्या काळातल्या जुन्या धावपट्टीवर होती. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत जो जास्त फेऱ्या मारेल तो पहिला. बाकीच्या सगळ्या चकचकीत विलायती गाड्या, आणि त्यांच्यात आपली ही ठोकलेल्या पत्र्याची. लोक हसले. हसू देत की!

निघताना तात्यांनी पुढच्या जाळीवर झेंडूची भरगच्च माळ बांधली. तू नाहीस, निदान देवाचं पाठबळ असू दे, म्हणाले. त्यांना नको कसं म्हणायचं? त्यांची जुनी सल तुला माहीत नसेल. दर दसऱ्याला ते गॅरेजातल्या गाड्यांना पुढे माळ बांधायचे आणि तू गुपचूप सोडून ती मागे बांधायचास. आपली पूजा याला खपत नाही, असं त्यांनी मनात धरलं होतं. तुझ्या पंक्तीला जेवायचे, हसायचे, पण ते काही मनातून गेलं नाही.

दुपारी मी तिसरा होतो. पुढची गाडी टप्प्यात आली आणि इंजिनाचा आवाज बदलला, अगदी थोडा. पाय दाबायला निघाला होता, पण तुझं सांगणं आठवलं आणि मी गाडी बाजूला घेतली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बॉनेटवर हात ठेवला तर चटकाच बसला. वाकून पाहिलं, तर जाळीमागचा रेडिएटर झेंडूच्या पाकळ्यांनी पार लिंपलेला! वारा आत जायला जागाच नव्हती. आणखी थोडं दामटलं असतं तर इंजिन जाम झालं असतं.

म्हणून तू माळ मागे बांधायचास होय! एका शब्दानं सांगायचं होतंस, हुसेन. तात्यांचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलास आणि नेमकं त्यानंच ते मोडलं. याचा मला तुझ्यावर राग आहे, आणि तो काढायला तू समोर नाहीस.

तात्या धावत आले होते. त्यांनी त्या पाकळ्या पाहिल्या आणि उरलेली माळ सोडून टाकून बोटांनी एकेक काढायला लागले. इंजिन निवू दिलं, पाणी पाजलं आणि मग हाणली. त्या थांबण्यात आपण बरेच मागे पडलो होतो. पण संध्याकाळपर्यंत विलायती गाड्या एकामागून एक बसत गेल्या, कुणाचं इंजिन तापलं, कुणाचे ब्रेक गेले. दिवस मावळला तेव्हा आपण दुसरे होतो. बॉनेटवर हात ठेवला, तर धाप लागलेली नव्हती. तू असतास तर मला आवळून धरलं असतंस.

आज सकाळी गॅरेजात गेलो, तर तात्या माझ्या आधीच तिथं होते. गाडीच्या मागच्या बाजूला ताजी माळ बांधत होते. मी दारातच थांबलो. गाठ मारून झाल्यावर ते गाडीलाच म्हणाले, "हुसेन, आता बराबर हाय का रं?"

पुढच्या वर्षी पहिले येऊ, ते बघच तू. पण वचन देतो ते दुसरं. या गॅरेजात माळ यापुढे मागेच बांधली जाईल, आणि ती का, हे विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगितलं जाईल.

तुझा,
शंकऱ्या